तोरणमाळचा घाट सायकलने: तयारी, चढ आणि उतार

नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणी सायकलने जाऊन आलेल्यांशी बोललं, की त्याच चार गोष्टी ऐकायला मिळतात. पाणी अर्ध्यातच संपलं. पायात गोळे आले. शेवटचा चढ सायकल ढकलत काढला. उतरताना ब्रेक लागेनासे झाले. या चारही गोष्टींचं मूळ एकच आहे: जे आधी करायचं, ते उशिरा केलं जातं. तहान लागल्यावर पाणी, पॅडल अडल्यावर गिअर, वळणात शिरल्यावर ब्रेक. सपाटीवर हे खपून जातं, कारण तिथे चूक सुधारायला वेळ मिळतो. घाटात तो मिळत नाही. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच वापरा.

वाट अशी: शहादा, म्हसावद, राणीपूर आणि पुढे सातपुड्यात शिरून तोरणमाळ. एका बाजूचं अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटरवर आहे आणि शहादा तापीच्या सपाट खोऱ्यात, त्यामुळे चढायची उंची हजार मीटरच्या आसपास होते. ती सगळ्या रस्त्यावर सारखी वाटलेली नाही. पहिला अर्धा भाग जवळजवळ सपाट आणि मग सगळा हिशेब एकदम, घाटात.

## टप्पा १: दिवस निवडा

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी एवढाच काळ धरा. मार्चपासून खानदेशचं ऊन तापायला लागतं आणि एप्रिल-मे मध्ये या रस्त्यावर सायकल चालवणं म्हणजे स्वतःहून उष्माघात ओढवून घेणं. पावसाळ्यात सातपुडा डोळ्यांचं पारणं फेडतो हे खरं, पण घाटात दरड कोसळते, वळणांवर चिखल आणि सुटी खडी वाहून येते. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या मोहात पडू नये.

या काळातही काही दिवस टाळा. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरक्षनाथाची यात्रा भरते, तेव्हा घाटात गाड्यांची रांग लागते. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा असते. दोंडाईच्याला रेल्वेतून उतरून सायकलने शहाद्याला येणार असाल, तर ती गर्दी तुमच्याच वाटेवर आहे. होळीच्या आधीचा आठवडा आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारांचा असतो आणि जीपगाड्या टपापर्यंत भरून धावतात.

पहिल्या खेपेला वर मुक्काम करा. एका दिवसात जाऊन-येऊन करायचं ठरवलं, तर डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या आत मावळतो आणि थकलेल्या अंगाने, घाईत उतरावं लागतं. या घाटातली धोक्याची घाई तीच. राहण्याची जागा फोन करून आधी पक्की करा, वर जाऊन शोधू नका.

## टप्पा २: सायकल, म्हणजे गिअर आणि ब्रेक

या टप्प्याला दोन आठवडे आधी लागा, कारण भाग मागवावे लागू शकतात.

गिअर. सायकल उलटी ठेवा आणि दात मोजा. पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती. पुढचे दात मागच्याइतके किंवा मागच्यापेक्षा कमी असले, तर गिअर घाटाला पुरेसा आहे. पुढे ३४ आणि मागे ३४, किंवा पुढे २८ आणि मागे ३४, असं काहीतरी. पुढे ३९ आणि मागे २५ निघाले, तर मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदला.

हे एवढं ताणून सांगायचं कारण आकड्यांत बघा. चाकाच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ वेळा पॅडल फिरवलं, तर समसमान दातांच्या गिअरवर ताशी साडेसात किलोमीटरचा वेग मिळतो. ३९ आणि २५ वर तेच साठ फेरे तुम्हाला ताशी बाराच्या जवळ नेतात. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरलं, तर सात टक्क्यांच्या चढावर पहिल्या वेगाला साधारण १४० वॅट लागतात आणि दुसऱ्याला २२० वॅट. नियमित सायकल चालवणारा माणूस १४० वॅट तासन्‌तास देऊ शकतो. २२० वॅटवर बहुतेकांचा दम वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. मग पॅडलचा वेग पडतो, गुडघ्यावर जोर येतो आणि गोळे येतात. ज्याला लोक “माझे पाय कमी पडले” म्हणतात, ते बऱ्याच वेळा चकतीचे दात कमी पडलेले असतात.

कॅसेट मोठी बसवली की चेन पुरते का, हे मेकॅनिककडून तिथेच बघून घ्या. मग सायकल उचलून, पॅडल हाताने फिरवत सगळ्यात हलक्या गिअरला टाका. चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे, स्पोकमध्ये उतरत असेल तर मागच्या गिअरचा मर्यादेचा स्क्रू आवळायला हवा. घाटात जोर लावताना चेन स्पोकमध्ये गेली तर चाक जागीच संपतं.

ब्रेक. ब्रेक रबरवर झीज दाखवणाऱ्या खाचा असतात. त्या जवळजवळ बुजल्या असतील तर रबर बदला, “या खेपेला चालून जाईल” म्हणू नका. जुन्या रबरात रुतलेले खडीचे आणि ॲल्युमिनियमचे कण सुईने काढा, ते रिमला ओरखडतात. केबलचं टोक उसवलेलं असेल तर केबल नवी टाका. डिस्क ब्रेक असतील तर पॅडची जाडी बघा आणि डिस्कला तेलाचा हात लागू देऊ नका.

टायर. आपल्याकडे बाभळीचे काटे आणि सराटे यांच्यातून सुटका नाही. टायर काढून आतून बोट फिरवा, रुतलेला काटा हाताला लागतो. तो तसाच ठेवून नवी ट्यूब टाकलीत तर तीही दुसऱ्या दिवशी बसते. कडेला चिरा पडलेला टायर घाटाला नेऊ नका.

> तपासा: एखाद्या उतारावर ताशी २० च्या वेगात दोन्ही ब्रेक दाबून सायकल सरळ रेषेत थांबते का? मागचं चाक घसरत असेल तर वजन मागे नेण्याचा सराव इथेच करा.

## टप्पा ३: पाय तयार करा

दोन महिने द्या. खानदेशात राहणाऱ्याची अडचण अशी, की तापीकाठ सपाट आहे आणि सरावाला चढ मिळत नाही. सपाटीवर रोज चाळीस किलोमीटर काढणारा माणूसही घाटात अडतो, कारण सपाटीवर पाय मध्येमध्ये विसावा घेतात आणि चढावर पॅडल सोडलं की सायकल थांबते. सरावात हा विसावाच काढून टाकायचा.

धुळ्याच्या लोकांना लळिंगचा चढ आहे, पण तो मुंबई-आग्रा महामार्ग आहे. रविवारी पहाटेच जावं आणि कडेची पट्टी सोडू नये. जळगाव-रावेरकडच्यांना पालचा रस्ता आहे. ज्यांना यातलं काहीच जवळ नाही, त्यांनी गावातला उड्डाणपूल घ्यावा आणि बसूनच, हलक्या गिअरवर, दहा-पंधरा फेऱ्या माराव्यात. समोरून वारा असलेला दिवसही उपयोगाचा. वाऱ्याविरुद्ध तासभर न थांबता पॅडल मारणं हा चढाचा चांगला सराव आहे.

आठवड्यात दोन दिवस असा सराव, एक दिवस लांब पल्ला, बाकी आराम. शेवटच्या आठवड्यात कमी करा. नवीन बूट, नवी सीट किंवा सीटची नवी उंची हे त्या आठवड्यात करू नका.

> तपासा: निघण्याआधीच्या पंधरवड्यात ८० किलोमीटरची एक फेरी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा २५ किलोमीटर सहज. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखला तर तारीख पुढे ढकला.

## टप्पा ४: आदली रात्र

शहाद्यात मुक्काम असेल तर जेवणाचा मोह आवरा. थंडीचे दिवस, भरीत-पुरीचा हंगाम आणि कुठेही बसलं तरी तर्रीदार शेवभाजी. हे सगळं परतीच्या जेवणाला ठेवा. आदल्या रात्री वरण-भात, खिचडी, साधी भाजी-पोळी. तिखट आणि तेलकट पोटात घेऊन पहाटे चढायला लागलं की ॲसिडिटी घाटाच्या मधोमध वर येते.

सोबतच्या खाण्यासाठी आपली दशमी उत्तम: दुधात भिजवलेली, गुळाची, दोन दिवस टिकणारी. केळी, गूळ-शेंगदाणे आणि राजगिऱ्याची चिक्की यांच्या जोडीला ती घेतली की बाहेरचं काही लागत नाही.

पाणी किमान तीन लिटर. त्यातल्या एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने ओतू नका, जास्त झालं तर मळमळतं.

बाकी सामान थोडकंच: दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, पान्यांचा जोड, चेनची जादा कडी, पुढचा-मागचा दिवा, चमकणारं जाकीट, वाऱ्याचं जर्किन, बोटं झाकणारे हातमोजे, चष्मा, रोख पैसे. सातपुड्यात मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे फोनवरून पैसे देण्यावर विसंबू नका. हेल्मेट कुठल्या यादीत लिहायची गोष्ट नाही, ते डोक्यावरच हवं.

> सावध: सगळं वजन पाठीवरच्या पिशवीत भरू नका. चढावर कंबर भरून येते आणि उतारावर पिशवी मानेकडे सरकते. जड सामान सायकलला बांधा.

## टप्पा ५: शहादा ते घाटाचा पायथा

पुढची चूक इथे होते, आणि ती गोड असते. सकाळची हवा गार, पाय ताजे, रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना ऊस, केळी, पपई. सगळे ताशी पंचवीसने सुटतात. म्हसावदला पोचेपर्यंत जी ताकद खर्च होते, ती घाटात परत मिळत नाही.

वेग ताशी पंधरा-सोळा ठेवा. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे.

उजाडायच्या सुमारास निघा, काळोखात नको. हे दिवस ऊसतोडीचे असतात. दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेच रस्त्यावर असतात, मागे दिवा असेलच असं नाही, आणि ऊस ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो. त्यांना ओलांडताना लांबून घंटी वाजवा आणि समोरचा रस्ता पूर्ण दिसत असेल तरच बाहेर या. रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या पाचटावरून ब्रेक दाबत जाऊ नका.

पाण्याचा पहिला घोट निघाल्यापासून वीस मिनिटांनी घ्या, तहान असो वा नसो. मग दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट. पहिल्या तासाच्या आत एक केळं. थंडीत घाम दिसत नाही, म्हणून लोक पितच नाहीत आणि घाटात पोचतात तेव्हा अंग कोरडं पडलेलं असतं.

राणीपूरला दहा मिनिटं थांबा. बाटल्या पूर्ण भरा, लघवीला जाऊन या. रंग गडद असेल तर अर्धा लिटर पाणी पिऊन आणखी पंधरा मिनिटं बसा. जर्किन काढून ठेवा, चढावर घामाने भिजलेलं जर्किन वर पोचल्यावर थंडी वाजवतं.

> थांबायचा निर्णय: साडेदहापर्यंत घाटाच्या पायथ्याशी पोचला नसाल, तर त्या दिवशी चढू नका. सायकल एखाद्या गाडीवर टाकून वर जा किंवा परत फिरा.

## टप्पा ६: चढ

हिशेब किलोमीटरमध्ये नको, उंचीमध्ये करा. नवखा पण तयारीचा माणूस तासाला तीनशे ते चारशे मीटर उंची चढतो. म्हणजे घाटाला थांबे धरून अडीच ते साडेतीन तास. हे डोक्यात आधीच असलं, की अर्ध्या तासाने “अजून किती?” हा प्रश्न छळत नाही.

१. चढ दिसला की त्याच्या आधी गिअर हलका करा. पॅडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला तर चेन कडकड करते, उतरते, कधी तुटते. बदलताना अर्धा फेरा पाय सैल सोडा.

२. बसून चढा. उभं राहून जोर लावणं फक्त दहा-पंधरा पॅडलपुरतं, पाठ मोकळी करायला.

३. हँडल घट्ट धरू नका. मूठ आवळली की खांदे वर येतात आणि श्वास उथळ होतो. अधूनमधून बोटं उघडून बघा.

४. डावीकडच्या तीव्र वळणात आतली कड सगळ्यात उभी असते. त्या वळणाला शिरण्याआधी एक गिअर आणखी हलका करा. उजवीकडच्या वळणात तुम्ही आपोआप बाहेरच्या, सौम्य बाजूला असता. तिथे श्वास जुळवून घ्या.

५. थांबायचंच असेल तर वळणाच्या आधी थांबू नका. वळण ओलांडून, दोन्हीकडून दिसाल अशा सरळ तुकड्यावर, डांबराच्या बाहेर थांबा. दोन मिनिटं पुरेत. पंधरा मिनिटं बसलात तर पाय गार पडतात.

सातपायरीच्या तुकड्यात रस्ता एकावर एक पायऱ्यांसारखा वळतो. खालून वरची वळणं दिसतात आणि तिथेच बरेच जण मनाने बसतात. तिथे नजर पुढच्या चाकापासून दहा मीटरवर ठेवा. वरच्या वळणाकडे बघायचं ते पाणी पिताना थांबलात तेव्हा.

> सावध: चढ सोपा करायला रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला नागमोडी चढू नका. वरून येणारी एसटी किंवा जीप वळण सुटल्यावरच तुम्हाला बघते. त्यापेक्षा उतरून शंभर पावलं चालणं केव्हाही चांगलं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

पोटरीत गोळा यायच्या आधी स्नायू फडफडतो. ती खूण मिळाली की लगेच उतरा, टाच खाली दाबून पोटरी ताणा आणि मीठ-साखरेचं पाणी प्या. भोवळ, अंगावर काटा, घाम अचानक थांबणं यातलं काही झालं तर चढ तिथेच संपला. सावलीत आडवे व्हा, अंगावर पाणी घाला आणि जाणाऱ्या गाडीला हात करा. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. रेंज नसेल तर खाली जाणाऱ्या चालकाकडे निरोप द्या.

## टप्पा ७: माथ्यावर

पोचलात की पहिल्या दहा मिनिटांत ओला शर्ट बदला. वरची हवा खालच्यापेक्षा सरळसरळ गार असते. हिवाळ्यात रात्री अंगावर भरपूर पांघरूण लागेल.

जेवा, झोपा. संध्याकाळी यशवंत तलावाच्या काठाने सावकाश चाला, पाय मोकळे होतात. सीताखाई ही दरी बघायला जाणार असाल तर सायकल ठेवून जा.

## टप्पा ८: उतार

चढाची भीती सगळ्यांना वाटते आणि उताराची कोणालाच वाटत नाही. मला उलटं वाटतं, म्हणून इथे जास्त लिहितो.

एकदा उतरताना माझ्या पुढे आमच्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा होता. वेग बेताचा, रेषा सरळ, सगळं ठीक दिसत होतं. फक्त त्याचा उजवा हात ब्रेकवरून एकदाही सुटत नव्हता. पंधरा मिनिटांनी त्याला थांबवलं. बाटलीचं झाकण उघडून मागच्या रिमवर पाण्याचे चार थेंब टाकले, तर तव्यावर टाकल्यासारखे चर्र करून उडाले. रबराचा जळका वास येत होता. आणखी थोडं पुढे गेलो असतो तर ट्यूब फुटली असती.

हे का होतं? ९० किलो वजन ९०० मीटर खाली येताना जी ऊर्जा सोडतं, त्यात साधारण अडीच लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीला येईल. त्यातली काही वाऱ्याला जाते, पण वेग कमी ठेवाल तितका ब्रेकचा वाटा वाढतो. म्हणजे ब्रेक किती वापरता यापेक्षा कसा वापरता, यावर सगळं अवलंबून आहे.

१. सकाळी लवकर निघू नका. दव वाळू द्या, नऊनंतर निघा. झाडांच्या सावलीतली वळणं सगळ्यात उशिरा वाळतात.

२. निघण्याआधी दोन्ही चाकं घट्ट आहेत का, ब्रेक पूर्ण दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकत तर नाही ना, टायरमध्ये हवा बेताची आहे ना, हे बघा. उतारासाठी टायर दगडासारखा फुगवू नका.

३. जर्किन आणि हातमोजे घाला. बोटं गारठली तर ब्रेक दाबायला उशीर होतो.

४. ब्रेक दाबा, सोडा, दाबा, सोडा. सरळ तुकड्यावर जोराने दोन-तीन सेकंद, मग पूर्ण सोडून रिमला हवा लागू द्या. हलका ब्रेक सतत धरून ठेवणं हीच त्या मुलाची चूक होती. दोन्ही ब्रेक वापरा. थांबवण्याचं मोठं काम पुढचा करतो, म्हणून त्याला घाबरून फक्त मागच्यावर राहू नका. शरीर सीटच्या मागे न्या आणि पुढचा हळूहळू दाबा.

५. वेग वळणाच्या आधी कमी करा. वळणात शिरलात की ब्रेक सोडलेला हवा. वळणाच्या आत, खडीवर, पुढचा ब्रेक दाबला की चाक बाजूला निसटतं आणि माणूस कोपरावर पडतो. सातपुड्याचा काळा दगड फुटून त्याची बारीक चुरी नेमकी वळणाच्या बाहेरच्या अंगाला साठते.

६. वळणात बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली आणि त्यावर वजन. नजर वळण सुटतं तिकडे, दरीकडे नको. जिकडे बघता तिकडे सायकल जाते.

७. सरळ तुकड्यातही ताशी पंचवीस-तीसच्या वर जाऊ नका. शेळ्या, गुरं, शाळेत जाणारी मुलं कुठल्याही वळणामागे असतात.

८. चढणाऱ्या वाहनाला वाट द्यायची, हा घाटाचा नियम आहे. उतरताना तुम्ही थांबा.

> तपासा: दर पंधरा मिनिटांनी थांबून रिमजवळ हात न्या, टेकवू नका. धग लागली तर पाच-सात मिनिटं थांबा. डिस्क असेल तर हात अजिबात लावू नका आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. लिव्हर नेहमीपेक्षा खोल जायला लागली, तर तिथून पायी उतरा.

घाट संपून रस्ता सपाट झाला की हलक्या गिअरवर पाय फिरवत राहा, लगेच जोर लावू नका. पुढचे तीसेक किलोमीटर दुपारच्या उन्हात असतील. राणीपूरला बाटल्या पुन्हा भरा. शहाद्याला पोचलात की, शेवभाजीची ऑर्डर देऊन झाल्यावर, सायकल भिंतीला टेकवा आणि ब्रेक रबर बघा. सकाळपेक्षा किती झिजलं, ते तुमच्या पुढच्या उताराला लागणार आहे.